हातातली तसबीर

युद्धाच्या छायाचित्रात युद्ध दिसले पाहिजे, ही समजूत जितकी स्वाभाविक तितकीच फसवी आहे. खंदक, तोफा, धूर, पडलेले सैनिक ही त्या छायाचित्राची रूढ चिन्हे होत. ती नसतील तर पाहणारा त्या प्रतिमेचे वाचन युद्धाची प्रतिमा म्हणून करीत नाही. दुष्काळाची, दारिद्र्याची किंवा नुसती ग्रामीण जीवनाची प्रतिमा म्हणून करतो. आणि तरीही ज्यांच्या अंगणात एक गोळी पडली नाही अशा माणसांना युद्धाने मारल्याची उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. त्या माणसांचे छायाचित्र कसे घ्यावे, हा प्रश्न तांत्रिक नाही. तो अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे आणि म्हणून साहित्यविचाराच्या कक्षेत येतो. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात तो विचारला, तर त्याला एक वेगळीच धार येते.

प्रारंभ मात्र बंगालपासून करावा लागतो. १९४३ साली पंचविशीतले छायाचित्रकार सुनील जाना हे कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी आणि चित्रकार चित्तप्रसाद यांच्यासोबत बंगालच्या दुष्काळी मुलखात फिरले. त्या खेड्यांत लढाई झाली नव्हती. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनाऱ्याकडील भागातून तांदूळ आणि होड्या सरकारने काढून नेल्या. युद्धखर्चाने भाव चढले आणि कलकत्त्याच्या कारखान्यांना धान्य पुरविताना खेडी उघडी पडली. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. जाना यांची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. त्याच साप्ताहिकाचे मराठी भावंड म्हणजे ‘लोकयुद्ध’. नियतकालिकाच्या नावात युद्ध आणि आतल्या छायाचित्रांत हाडांचे सापळे, लंगरापुढे बसलेली अनाथ मुले, रस्त्यावर निजलेली कुटुंबे: या विसंगतीत त्या काळाचे पुष्कळसे सत्य सामावलेले आहे.

याच सुमारास मुंबईच्या कामगारवस्तीत शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ रचला आणि ‘बंगालची हाक’ही रचली. दोन्ही रचनांमागे एकच महायुद्ध आहे. परंतु स्टालिनग्राडला वीररस लाभला आणि बंगालच्या वाट्याला करुण आला. हा शाहिराचा दोष मुळीच नव्हे. युद्धातील नागरिकाकडे पाहण्याच्या ज्या दोन वाटा आपल्या काव्यपरंपरेने आखून ठेवल्या, त्यांवरून तो चालला. माणूस लढत असेल तर उत्साह हा स्थायीभाव. मरत असेल तर शोक. जो लढतही नाही आणि अजून मेलेलाही नाही, जो उद्याच्या पेरणीसाठी बियाणे उसने मागतो आहे, त्याच्यासाठी रसव्यवस्थेत जागा शोधावी लागते. छायाचित्रकारही याच दोन वाटांचा वारसदार असतो. आपण वास्तवाचे चित्र घेतो आहोत असे त्याला वाटत असते एवढेच.

यवतमाळचा युद्धाशी संबंध काय, असे कोणी विचारील. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली आले, आणि पुढच्याच दशकात, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, जमिनी कापसाखाली गेल्या, आणि युद्ध संपताच भाव कोसळला. ज्वारी पिकविणारा मुलूख जगाच्या बाजाराला बांधला गेला तो अशा रीतीने. पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी, जिला लोकांनी ‘शकुंतला’ हे लाडके नाव दिले, धावली तीही मुख्यतः कापसासाठी. यवतमाळच्या शेतकऱ्याचा भाव त्याने कधी न पाहिलेल्या युद्धाने चढला आणि त्याच युद्धाच्या समाप्तीने उतरला. त्या शेतकऱ्याचे छायाचित्र कोणी घेतले नाही. घेतले असते तरी ‘अमेरिकन यादवी युद्धातील नागरिक’ असे त्याखाली कोणी लिहिले नसते.

कॅमेरे आले ते फार उशिरा. २००५ नंतर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वार्ता देशभर गेली. पांढरकवडा, घाटंजी, वणी, राळेगाव, मारेगाव ही नावे इंग्रजी वृत्तपत्रांत आली. २००६ च्या जून अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली, आणि त्यामागोमाग छायाचित्रकारांच्या गाड्या खेड्यांच्या पांदणीत शिरू लागल्या. त्याच वर्षी मुंबईत लॅक्मे फॅशन सप्ताहाला ५१२ मान्यताप्राप्त पत्रकार हजर होते आणि विदर्भातील आत्महत्यांचे वृत्त घेण्यास बाहेरून आलेले जेमतेम सहा होते, हा हिशेब पी. साईनाथ यांनी नंतर अनेक व्यासपीठांवर मांडला. त्या सप्ताहात सुती वस्त्रांचे प्रदर्शन होते, ही गोष्ट ते आवर्जून सांगत. उपरोध इतका पूर्ण आहे की कादंबरीकाराने तो योजला असता तर समीक्षकांनी कृत्रिम ठरविला असता.

या काळात एक दृश्यसंकेत रूढ झाला. मातीच्या किंवा निळा चुना दिलेल्या भिंतीपुढे एक स्त्री उभी किंवा बसलेली. तिच्या हातात पतीची तसबीर. शेजारी एक-दोन मुले. प्रकाश दारातून एका बाजूने येतो. नजर कॅमेऱ्याकडे, किंवा थोडी खाली. वृत्तपत्रे, साप्ताहिके, परदेशी मासिके, संस्थांचे अहवाल या सर्वांत हीच रचना इतक्यांदा आली की तिचा कर्ता कोण, हे विचारणेच निरर्थक ठरावे. लोककथेसारखी ती अनामिक झाली.

या रचनेत छायाचित्राच्या आत एक छायाचित्र आहे, आणि खरे पाहता आतले अधिक बोलके आहे. ते बहुधा तालुक्याच्या गावच्या स्टुडिओत तयार झालेले असते. मूळ प्रत म्हणजे बँकेच्या, पतसंस्थेच्या किंवा ओळखपत्राच्या कामासाठी काढलेला पासपोर्ट आकाराचा फोटो. नाहीतर लग्नाच्या सामूहिक फोटोतून कापून घेतलेला चेहरा. मृत्यूनंतर तो मोठा केला जातो, मागे निळे आकाश किंवा पडदा घातला जातो, आणि ज्याने जन्मात कोट घातला नाही त्याच्या अंगावर अनेकदा कोटही चढतो. क्रिस्टोफर पिनी यांनी मध्यप्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास करून, भारतीय खेड्यात छायाचित्र हे माणूस कसा होता याची नोंद असण्यापेक्षा तो कसा असावयास हवा होता याची रचना असते, असे दाखविले आहे. तालुक्याचा हा छायाचित्रकार, ज्याचे नाव कोणत्याही दालनात लागत नाही, मृताला एक प्रतिष्ठा देतो. शहरातून आलेला छायाचित्रकार तीच प्रतिष्ठा आपल्या चौकटीत घेतो आणि तिचे रूपांतर पुराव्यात करतो. आतल्या चौकटीत कोट घातलेला गृहस्थ आहे. बाहेरच्या चौकटीत ‘आत्महत्याग्रस्त’ आहे. दोन्ही एकाच खिळ्यावरून उतरलेले.

उतरविलेले, हा शब्द येथे महत्त्वाचा. तसबीर आपोआप हातात येत नाही. ती भिंतीवरून काढून हातात धरावयास सांगितले जाते. १९४७ मध्ये पंजाबातील निर्वासितांच्या काफिल्यात मार्गारेट बर्क-व्हाइट हिने लोकांना पुन्हापुन्हा मागे जाऊन चालत यावयास लावल्याचे तिच्यासोबत असलेल्या ‘लाइफ’च्या वार्ताहर स्त्रीने सांगून ठेवले आहे. मनमनात वाटते तितका हा दांभिकपणा नसतो. छायाचित्रकाराला जे खरोखरच घडले आहे ते दिसावयास हवे असते आणि घडलेले कधीच डोळ्यांपुढे नसते. नवरा गेला हे कसे दाखविणार? म्हणून तसबीर. परंतु त्या मागणीने स्त्रीच्या हातांचे काय होते, याकडे लक्ष गेलेले नाही. तिचे दोन्ही हात गुंततात. ती काहीही करू शकत नाही. करुणरसाच्या आलंबनाला जी निष्क्रियता आवश्यक असते ती तिच्यावर अक्षरशः लादली जाते.

शासनाच्या दप्तरातही तिला एका कसोटीतून जावे लागते. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, वसुलीचा तगादा असावयास हवा. तरच प्रकरण ‘पात्र’ ठरते आणि एक लाख रुपये मिळतात. नाहीतर ‘अपात्र’. मराठीत या एका शब्दाने विलक्षण काम केले आहे. साहित्यात पात्र म्हणजे व्यक्तिरेखा. कचेरीत पात्र म्हणजे मदतीस लायक. यवतमाळच्या स्त्रीला दोन्ही अर्थांनी पात्र व्हावे लागले, आणि दोन्ही ठिकाणी संहिता दुसऱ्याने लिहिलेली होती.

करुणाची दुसरी बाजू वीर. काही वर्षांनी संपादकांना रडणाऱ्या चेहऱ्यांचा कंटाळा आला, तेव्हा ‘जिद्द’, ‘झुंज’, ‘रणरागिणी’ हे शब्द आले. तीच स्त्री आता शिवणयंत्रापुढे हसताना दिसू लागली. हे चित्र अधिक सन्मानाचे आहे यात शंका नाही. परंतु तेही युद्धाच्या परिभाषेतून आले आहे. लढाई म्हटली की शत्रू लागतो, आघाडी लागते, आणि मुख्य म्हणजे शेवट लागतो. कापसाच्या शेतीला यांपैकी काहीच नाही. जूनमध्ये पाऊस ओढ देतो, दुबार पेरणी होते, निंदण-डवरणीला मजूर मिळत नाही, बोंडे फुटतात तेव्हा भाव पडलेला असतो, उलंगवाडी झाली की पऱ्हाटी उपटून सरपण होते आणि पुढच्या जूनसाठी पुन्हा कर्ज. यात शौर्याचा क्षण कोणता? छायाचित्राला क्षण लागतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ची कौतिक आपल्याला पटते ती तिने एखादे अचाट कृत्य केले म्हणून नव्हे, कादंबरीकाराला तिच्या शेकडो दिवसांची मजुरी, भांडणे, उपास आणि हिशेब लिहिण्यास अवकाश मिळाला म्हणून. छायाचित्रकाराजवळ एका सेकंदाचा शंभरावा भाग असतो. तो दिवसांचा ढीग कशात दाखवील?

साईनाथ यांच्या एका कामात या प्रश्नाचे उत्तर सापडते, आणि ते विदर्भाच्या आधीचे आहे. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरताना त्यांनी ग्रामीण स्त्रियांच्या श्रमाची छायाचित्रे घेतली. त्यांतून ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे प्रदर्शन सिद्ध झाले आणि दालनांपेक्षा बसस्थानके, कारखाने, खेडी, महाविद्यालये अशा ठिकाणी ते अधिक हिंडले. त्यात ओडिशातील एक छायाचित्र आहे: जमीनमालक आपल्या शेतात ताठ उभा राहून कॅमेऱ्यासाठी ऐटीत पाहतो आहे, आणि लावणी करणाऱ्या स्त्रियांची रांग कमरेतून वाकलेली आहे. सोबतच्या मजकुरात जनगणनेचा दाखला आहे. तिच्या लेखी तो कामकरी होता, त्या नव्हत्या. त्या स्त्रियांचे चेहरे दिसत नाहीत. करुणरसाला चेहरा लागतो, वीराला तर लागतोच. येथे पाठी आणि हात आहेत. पाहणाऱ्याला दया करण्याची सोय नाही आणि टाळ्या वाजविण्याचीही नाही. त्याला फक्त हे काम किती वेळ चालत असेल, असा प्रश्न पडतो. दिवसांचा ढीग वाकलेल्या पाठीत साचलेला असतो, हे त्या छायाचित्रकाराने ओळखले. छायाचित्राशेजारी विस्तृत मजकूर असणे हे छायाचित्रकाराचे अपयश मानणाऱ्या शुद्धतावाद्यांना हे प्रदर्शन आवडणार नाही. परंतु रोलाँ बार्थ यांनी प्रतिमेला नांगरून ठेवणाऱ्या शब्दांविषयी जे मांडले, त्याचा येथे उलट प्रत्यय येतो: शब्द प्रतिमेचा अर्थ आवळीत नाहीत, जनगणनेने आवळलेला अर्थ सैल करतात.

खेदाची गोष्ट अशी, की विदर्भाची बातमी मोठी झाली तेव्हा वृत्तपत्रांचे छायाचित्रण या वाटेने गेले नाही; ते पुन्हा चेहऱ्याकडे आणि तसबिरीकडे वळले. डिसेंबरातल्या वेचणीत पोटाशी ओटी बांधून एकेका बोंडातून कापूस काढणाऱ्या बोटांची, बोंडाच्या टोकांनी नखांशेजारी पडलेल्या ओरखड्यांची छायाचित्रे त्या मानाने फारच थोडी. हंगामात तर ही स्त्री घरी नसतेच. भिंतीपुढचे छायाचित्र घ्यायचे म्हणजे तिला शेतातून बोलावून आणावे लागते. २००८ च्या २२ जुलैला राहुल गांधी यांनी लोकसभेत अणुकराराच्या चर्चेत मारेगाव तालुक्यातील जळका येथील कलावती बांदूरकर यांचे नाव घेतले, आणि त्या एका भाषणाने कलावती देशाच्या दृश्यकोशात दाखल झाल्या. ऊर्जेच्या युक्तिवादाला उदाहरण हवे होते. उदाहरण होणे ही पात्र होण्याची आणखी एक तऱ्हा.

एकदा मात्र खरोखरच युद्धाची सावली या जिल्ह्याच्या छायाचित्रांवर पडली, आणि ती कोणाच्या ध्यानात आली नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. चर्चेत आलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस होते. सेंद्रिय फॉस्फरसाच्या या कुळाचा इतिहास असा की जर्मनीत १९३६ साली गेरहार्ट श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकाचा शोध घेत असता त्याच्या हाती टाबुन हा विषारी वायू लागला आणि तो लष्कराने उचलला. एकाच कुळातले एक भावंड युद्धखात्यात गेले, दुसरे शेतात. त्या पावसाळ्यात प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत पाठीवर पंप घेतलेले, तोंडाला फडके बांधलेले मजूर पुरुषभर उंचीच्या पऱ्हाटीत उभे दिसतात. ते काम करीत आहेत, आणि कामच त्यांना मारते आहे. ही छायाचित्रे करुण नाहीत. त्यांना भयानकाचा स्पर्श आहे, कारण शत्रू दिसत नाही.

उरतो प्रश्न छायाचित्राखालच्या ओळीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईत होमाई व्यारावाला ‘इलस्ट्रेटेड वीकली’साठी काम करू लागल्या. शहराचे आणि तिथल्या बायकांचे नित्याचे जीवन त्यांच्या त्या काळच्या छायाचित्रांत आहे. साडी नेसलेली बाई कॅमेरा घेऊन हिंडते, तेव्हा लोकांना तो पोरखेळ वाटे, आणि म्हणूनच आपल्याला कोठेही जाता आले, असे त्या उतारवयात मिश्कीलपणे सांगत. ती छायाचित्रे छापून आली, परंतु पती माणेकशॉ यांच्या नावाने. पुढे १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या, स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकांच्या साक्षीदार ठरल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले. हे सर्व झाले. पण युद्धकाळातील नागरी जीवन टिपणाऱ्या त्या तरुण स्त्रीची ओळख नवऱ्याच्या नावाखाली गेली, ही नोंद यवतमाळच्या छायाचित्रांपुढे ठेवून पाहावी. तेथे स्त्री कॅमेऱ्यामागे होती, येथे पुढे आहे. ओळ मात्र तशीच राहिली. ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची विधवा’. नवऱ्याच्या हयातीतही पेरणी, निंदण, वेचणी तीच करीत होती, त्याच्यानंतर तर सर्वच तिच्याकडे आले. तरीही ओळीत ‘शेतकरी’ हा शब्द मृतासाठी राखून ठेवलेला आहे.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले, साहित्यविश्वात मोठे वादळ उठले, अनेकांनी बहिष्कार टाकला, आणि ११ जानेवारीला उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूर येथील वैशाली येडे यांनी. पतीने २०११ मध्ये आत्महत्या केलेली. अंगणवाडीतील काम आणि शिवणकाम यांवर त्यांचे घर चालत असे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात, ज्यात अशाच कुटुंबांतील स्त्रिया स्वतः उभ्या राहिल्या, त्या काम करीत होत्या. एका लेखिकेच्या रिकाम्या जागी त्यांना बोलावणे ही आयोजकांची सोय होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या बोलल्या, आणि आपले वैधव्य नशिबाने नव्हे तर व्यवस्थेने दिले आहे, या आशयाची मांडणी त्यांनी साहित्यिकांच्या पुढ्यात स्वतःच्या शब्दांत केली. त्याच वर्षी यवतमाळ–वाशीम मतदारसंघातून त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढविली आणि त्या हरल्या.

संमेलनाच्या वार्तांकनात बहुतेक ठिकाणी त्यांची ओळख तीच, ‘शेतकऱ्याची विधवा’, अशी झाली. व्यासपीठावर उभ्या असलेल्या स्त्रीच्या छायाचित्रालाही तसबिरीच्या छायाचित्राचीच ओळ लागली. ‘महिला किसान अधिकार मंच’ अशा नावाने संघटित झालेल्या स्त्रिया विदर्भात दारोदार जाऊन जे विचारीत असतात ते येथे आठवते: पतीच्या पश्चात सातबाऱ्यावर नाव चढले का, घर नावावर झाले का, पीककर्ज कोणाच्या नावाने मिळते. यांतले एकही उत्तर कोणत्याही भिंगातून दिसत नाही. ते खालच्या ओळीत लिहावे लागते, आणि त्यासाठी छायाचित्रकाराला तसबीर खाली ठेवावयास सांगून तलाठ्याच्या उताऱ्याची चौकशी करावी लागते.